मुले झोपलेली नसतात

नमस्कार मंडळी,

घरातल्या मारहाणीविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "मुले तेव्हा झोपली होती." आईला ते मनापासून खरे वाटत असते, कारण तसे मानल्याशिवाय दुसऱ्या दिवसाला तोंड देणे तिला शक्य होत नाही. पण कुलपात किल्ली कशी फिरली यावरून वडिलांचा राग ताडणारा आणि आवाज चढताच धाकट्या बहिणीचे कान पांघरुणाखाली दाबून धरणारा मुलगा झोपलेला नसतो.

बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील, 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आईवरील हिंसेची गणना मुलावरच्या शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांच्या पंक्तीत केली. यांपैकी एक अनुभव वाट्याला आलेल्यांनी इतरही सोसले असण्याची शक्यता बरीच असते, हेही त्यातून दिसले. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या कायद्याने तर अशी हिंसा पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या वा तिचे परिणाम भोगणाऱ्या मुलाला, तो पीडित किंवा अत्याचारी व्यक्तीचा नातलग असल्यास, स्वतंत्र पीडित मानले.

"नवरा म्हणून वाईट, पण बाप म्हणून चांगला" हे आपले लाडके समर्थन मला पटत नाही. धाक हाच ज्याचा मार्ग, तो माणूस बायकोला शिक्षा म्हणून मुलाला मारतो, तिच्यावर पाळत ठेवायला त्यालाच कामाला लावतो, आणि ती वेगळी झाली तर मुलाच्या भेटीचे निमित्त करून तिच्या दाराशी येतो. मध्ये पडणाऱ्या मुलाला किंवा कडेवरच्या बाळाला लागते ते वेगळेच. कधी आईच, त्याने भडकू नये म्हणून, मुलांना गप्प करताना त्यांच्यावर हात उगारते. हे सांगणे अवघड आहे, पण लपवून त्या मुलांचे काही भले होणार नाही.

म्हणून एखादी स्त्री आपल्याजवळ मन मोकळे करील तेव्हा मुलांचीही विचारपूस करावी, आणि मुलाच्या अंगावर वळ दिसले तर आईशी, नवरा जवळ नसताना, बोलावे. घरची आणि दवाखान्यातली भाषा वेगळी असेल तर मुलाला दुभाषा म्हणून कधीही उभे करू नये. रात्री सगळे ऐकलेल्या त्या मुलालाच मग डॉक्टरांना सांगावे लागते, की आई जिन्यावरून पडली.