पावणेचारशे उमेदवार

मंडळी, बाहेर एवढा पाऊस असताना आपण सदाशिव पेठेत केवळ एका संख्येसाठी जमलात, तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो. फळ्यावरची संख्या आहे २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी. ती मूळ संख्या असल्याचे स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी गणितज्ञ बर्नुली यांना पत्राने कळवले आणि ते पत्र १७७४ साली प्रसिद्ध झाले. ऑयलर यांची दृष्टी तोवर जवळजवळ गेलेली होती.

वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे, ही शाळेतली रीत. येथे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे जाते आणि तेथवर साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. ऑयलर यांनी त्यांतल्या बहुतेक न भागताच बाद केल्या.

समजा, क ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही घाताला ती उरत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार (क – १) व्या घातालाही बाकी १ च येते. त्यामुळे क – १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे, आणि क विषम असल्याने ६२ नेही. शिवाय ३२ व्या घाताची बाकी २ येते व तो घात पूर्ण वर्ग आहे. यावरून, वर्गांच्या बाक्यांविषयीच्या एका ज्ञात नियमाने, क ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी जुळवल्या, की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. मोजून पाहा: पावणेचारशेला दोन कमी! त्यांतली पहिलीच, ६३, मूळ नाही. अशा आणखीही पुष्कळ गळतात.

विश्वास बसत नसेल, तर घातांक ११ घ्या. २०४७ चे अवयव २३ आणि ८९. दोन्हींतून १ वजा केल्यास २२ ने भाग जातो.

फळ्यावरच्या संख्येपासून एक परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते अशी. तिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधायला जाणार नाही, कारण त्यात उपयोग काही नाही, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. गणितज्ञांच्या रिकामटेकडेपणाचा त्यांना अंदाज नसावा. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी १२७ या घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही विभाजक न शोधता. त्या पद्धतीचे आजचे रूप असे: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच, घातांकापेक्षा दोन कमी वेळा; शेवटी शून्य आले, तर संख्या मूळ. ३१ साठी, म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येसाठी, ४, १४, नंतर १९४ ची बाकी ८, पुढे ६२ ची बाकी शून्य; म्हणून ३१ मूळ. फळ्यावरच्या आपल्या संख्येला हीच कृती लावली, तर एकोणतिसाव्या पायरीला शून्य येते.