पैसे पोहोचले म्हणजे नेमकं काय झालं?

श्रोतेहो, नमस्कार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी घेतली, फोन पुढे करून कोड टिपला, पिन दाबला, की बाईंच्या टोपलीशेजारची छोटी पेटी मोठ्याने सांगते, ऐंशी रुपये मिळाले. केळी पिशवीत पडायच्या आत हे सगळं उरकतं. पण त्याच बाईंचा मुलगा मस्कतहून घरी पैसे पाठवतो, तेव्हा पुष्कळदा दोन-दोन दिवस वाट पाहावी लागते. कधी मध्येच काही रुपये कमी होऊन येतात आणि ते कुठे गेले हे कुणी सांगत नाही. ऐंशी रुपयांना दोन सेकंद आणि महिन्याच्या कमाईला दोन दिवस, असं का? बँकेच्या काउंटरमागे बसून हा प्रश्न मी असंख्य लोकांच्या तोंडून ऐकला आहे. गोव्यात आखातात गेलेला, बोटीवर असलेला, नाहीतर पोर्तुगाल-इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला माणूस घरटी नाही तरी वाड्यावाड्यात सापडतो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आपल्याला नीट माहीत असायला हवं.

आधी बाजारातल्या त्या दोन सेकंदांकडे पाहू.

आपण ज्याला यूपीआय म्हणतो, ती व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय ही संस्था चालवते. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत तिची सुरुवात केली. पण पाया त्याआधीच घातला गेला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस सुरू झालं, आणि रात्री बारा वाजता, रविवारी, ऐन चवथीच्या दिवशीसुद्धा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवता येऊ लागले. यूपीआय त्याच पायावर उभं आहे.

आपण कोड टिपतो तेव्हा अ‍ॅपला फक्त त्या बाईंचा यूपीआय पत्ता कळतो. अ‍ॅप तो एनपीसीआयकडे धाडतं. एनपीसीआय बाईंच्या बाजूला विचारून घेते, की या पत्त्यामागचं खातं कोणत्या बँकेत आहे. मग ती आपल्या बँकेला सांगते, की या खात्यातून ऐंशी रुपये वजा करा. आपण दाबलेला पिन कुलूपबंद अवस्थेत थेट आपल्या बँकेपर्यंत जातो. अ‍ॅपला तो वाचता येत नाही. बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, रक्कम वजा करते आणि तसं कळवते. त्यानंतरच एनपीसीआय बाईंच्या बँकेला सांगते, की ऐंशी रुपये जमा करा. त्या बँकेचा होकार आला, की दोन्हीकडे निरोप जातात आणि पेटी बोलते.

हा क्रम मी मुद्दाम सावकाश सांगितला. आधी वजा, मग जमा, ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या बँका करतात. पैसे अडकतात ते या दोन कामांच्या मधल्या जागेत. आपल्या खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्या बँकेने वेळेत उत्तरच दिलं नाही, तर फोनवर 'प्रलंबित' असं दिसतं. सत्तरीतल्या गावात रेंज गेली म्हणून पैसे हरवले, असं लोकांना वाटतं. पण एकदा आपली मागणी पुढे गेली, की पुढचं सगळं बोलणं बँका आणि एनपीसीआय यांच्यात चालतं. आपला फोन बंद पडला तरी ते थांबत नाही. म्हणून अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी खात्याचा उतारा पाहा, नाहीतर एकाच मालाचे दोनदा पैसे जातील.

आणि अडकलेल्या पैशांबाबत आपला हक्क ठरलेला आहे. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, माणसाने माणसाला पाठवलेली रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशांच्या बाबतीत ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, आणि तीसुद्धा ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने द्यायची आहे. हे शंभर रुपये मागायला फार थोडे लोक येतात. ते मागावेत, असं मला मनापासून वाटतं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा मदत क्रमांक १४४४८ आहे.

आता थोडं आतलं. पेटीने सांगितलं तेव्हा बाईंच्या खात्यात ऐंशी रुपये आले, हे खरं. ते त्या लगेच खर्चही करू शकतात. पण आपल्या बँकेने बाईंच्या बँकेला त्या क्षणी खरोखर काही दिलेलं नसतं. बाईंच्या बँकेने स्वतःच्या भरवशावर ते जमा केलेले असतात. दिवसभरात ठरावीक वेळांना एनपीसीआय सगळ्या बँकांचा हिशेब मांडते. एका बँकेने दुसरीला दहा कोटी द्यायचे आणि दुसरीने पहिलीला नऊ कोटी, तर एकच कोटी हलतो. शेजारच्या दोन दुकानदारांनी संध्याकाळी वह्या ताडून फक्त फरक चुकता करावा, तसं. आणि हा फरक कुठे चुकता होतो? रिझर्व्ह बँकेत. बँकांची तिथे खाती असतात. एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा, विषय संपला.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरच्या व्यवहारांच्या संख्येने एका महिन्यात २,००० कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला. एवढा डोलारा उभा राहतो तो बँकांची खाती एकाच छपराखाली असल्यामुळे, आणि ते छप्पर रिझर्व्ह बँकेचं आहे.

मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस आहे. त्यात प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी, एकेकटा, रिझर्व्ह बँकेच्या वहीत चुकता होतो. म्हणून घर-जमिनीच्या व्यवहारात, दोन लाखांच्या वर, तेच वापरलं जातं. एनईएफटी ही बँकेतून बँकेत पैसे पाठवायची आणखी एक सोय, ती दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने जाते. दोन्ही आता चोवीस तास चालतात.

आता मस्कतकडे वळू.

ओमानमधली बँक आणि फोंड्यातली बँक यांना सामाईक असं एकही छप्पर नाही. ओमानची मध्यवर्ती बँक वेगळी, आपली वेगळी, चलन वेगळं. मग पैसे जातात कसे? बँका एकमेकींकडे खाती उघडतात. परदेशी बँकेचं रुपयांतलं खातं मुंबईतल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं. ओमानमध्ये रियाल वजा होतात आणि मुंबईतल्या त्या खात्यातून रुपये निघतात. सीमा ओलांडून प्रत्यक्षात जातो तो निरोप. हा निरोप नेणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे स्विफ्ट. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये तिची स्थापना झाली. स्विफ्टने पैसे आले, असं आपण बोलतो, पण स्विफ्टकडे आपला एक रुपयाही कधी नसतो.

दोन बँकांची थेट ओळख नसेल, तर मध्ये तिसरी येते, कधी चौथी. प्रत्येक जण आपलं शुल्क कापतो, प्रत्येक जण पाठवणाऱ्याची नावनिशी तपासतो. त्यात सुट्ट्या. ओमान-कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार बँका बंद, आपल्याकडे रविवार. गुरुवारी संध्याकाळी निघालेला निरोप सोमवारी सकाळपर्यंत टेबलावरच राहू शकतो.

गोमंतकीयांना हे वेगळं समजवायला नको. मुक्तीपूर्वी इथे बँको नासिओनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक होती. लोकांनी तिच्याकडे गहाण ठेवलेलं सोनं लिस्बनला नेलं गेलं आणि ते परत यायला १९९१ साल उजाडलं. कुणाचं सोनं, किती सोनं, याच्या नोंदी होत्या. दोन देशांत ते सोडवण्याचा समझोता होत नव्हता. आजच्या पैशांच्या वाटेतही यंत्रापेक्षा समझोताच जास्त वेळ घेतो.

तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा तर एक्स्चेंजमधून पैसे भरतो आणि दहा मिनिटांत इथे मेसेज येतो. बरोबर. आखातातल्या एक्स्चेंज कंपन्या भारतीय बँकेतल्या खात्यात रुपये आधीच भरून ठेवतात. तुमच्या मुलाने तिकडे दिनार किंवा रियाल मोजले, की इकडच्या त्या साठ्यातून आयएमपीएसने तुमच्या खात्यात रुपये येतात. म्हणजे ते दहा मिनिटांचं काम देशांतर्गतच असतं. सीमा ओलांडण्याचा खरा हिशेब त्या कंपनीने आधीच उरकलेला असतो.

त्याची किंमत दोन ठिकाणी असते. एक शुल्काच्या पावतीत दिसते आणि दुसरी दरात दडलेली असते. समजा, बाजारभावाने एक लाख रुपये होणाऱ्या रकमेला कंपनीने एक टक्का कमी दर दिला. पावतीवर 'शुल्क शून्य' लिहिलेलं असेल, पण हजार रुपये गेलेले असतात. जागतिक बँक २०० डॉलर पाठवण्याचा खर्च मोजते, तेव्हा जगाची सरासरी सहा टक्क्यांच्या वर निघते. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. आखात ते भारत ही वाट त्या मानाने स्वस्त आहे, पण तिथेही कंपनी-कंपनीत फरक असतो. म्हणून मुलाला शुल्क किती, असं विचारू नका. इतके रियाल भरले तर आईच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील, एवढं त्याला दोन-तीन ठिकाणी विचारायला सांगा.

देशादेशांच्या तत्काळ व्यवस्था थेट जोडायचे प्रयत्नही चालू आहेत. २१ फेब्रुवारी २०२३ ला आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं पे-नाऊ जोडलं गेलं. सिंगापूरमधला मुलगा आईच्या यूपीआय पत्त्यावर पैसे पाठवतो. पाठवण्याआधीच त्याला नाव, दर आणि रक्कम दिसते. ठरावीक बँकांनाच ही सोय आहे आणि इथून तिकडे पाठवायची मर्यादा दिवसाला ६०,००० रुपये आहे. तरीही मला ही खूप मोठी गोष्ट वाटते, कारण मध्ये बसून परस्पर कापून घेणारं कुणी नाही.

पण असा एकेक देश जोडत गेलं, तर दहा देशांना पंचेचाळीस जोडण्या लागतील. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या आंतरराष्ट्रीय देयक बँकेने नेक्सस नावाची कल्पना पुढे आणली. प्रत्येक देशाने एकदाच तिला जोडून घ्यायचं, की बाकी सगळे देश जोडले गेले. जून २०२४ मध्ये भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांच्या मध्यवर्ती बँकांनी त्यावर सह्या केल्या. युरोपमध्ये युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना आता दहा सेकंदांत पैसे पोहोचवणं बंधनकारक आहे. म्हणजे लिस्बनमधून पोर्तूला दहा सेकंद आणि मडगावातून पेडण्याला दोन सेकंद. लिस्बन ते मडगाव मात्र अजून जुन्याच वाटेने. युरोपच्या त्या व्यवस्थेशी यूपीआय जोडण्याचं काम हाती घेतल्याचं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ज्यांची माणसं तिकडे आहेत, त्यांनी या बातमीवर लक्ष ठेवावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. परदेशातल्या मोबाइल नंबरवर यूपीआय चालतं, हे खरं आहे. २०२३ मध्ये ओमान, कतार, सौदी अरेबिया, अमिरात, इंग्लंड, अमेरिका अशा दहा देशांच्या नंबरांना ती परवानगी मिळाली. कुवेत आणि बहरीन त्या पहिल्या यादीत नव्हते. पण हे यूपीआय चालतं ते परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी इथे असलेल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावर. त्यात आधीच आलेले रुपये तेवढे हलतात. तिकडचा पगार त्याने इकडे येत नाही. पगार खात्यात आणायची वाट आधी सांगितली तीच.

शेवटी, अनेक घरांना ज्याचा फटका बसला आहे, त्याविषयी. तत्काळ गेलेले पैसे तत्काळच दुसऱ्याचे होतात. चेक थांबवता येतो, यूपीआय थांबवता येत नाही. खोली भाड्याने घ्यायची आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा कोड टिपून पिन दाबा, असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन दाबला, की पैसे आपल्याच खात्यातून जातात. आणि फसवणूक झालीच, तर सकाळ होण्याची, मुलगा घरी येण्याची वाट पाहू नका. त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवा. चोराच्या खात्यातून पैसे पुढच्या खात्यात, तिथून त्याच्या पुढच्या खात्यात हलवले जातात, तेही याच दोन सेकंदांच्या वेगाने. ते बाहेर काढण्याआधी बँकेला कळलं, तर तेवढी रक्कम गोठवता येते. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडला, की खाली लिहिलेला असतो.

नमस्कार.