एका वेळी तीनच

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ आहे, तेव्हा उठू नका. हात कणकेत असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज एका इंग्रजी सिनेमाबद्दल सांगते. नाव 'एमा'. मूळ कादंबरी जेन ऑस्टिनची, १८१५ च्या डिसेंबरात आलेली. तिच्यावर सिनेमे बरेच निघाले. मी म्हणते तो २०२० चा, ऑटम डी वाइल्ड या दिग्दर्शिकेचा. एमा म्हणजे एकविशीला आलेली, देखणी, हुशार, पैसेवाली पोरगी. बाप एवढा भित्रा, की वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून नोकरांकडून भोवती आडोसे उभे करून घेतो. पोरीला नाद एकच, लोकांच्या सोयरिकी जुळवण्याचा. आणि तिची एक सोयरीक धड लागत नाही. अशी एखादी बाई आपल्याही गावात असतेच, ओळख करून देत बसत नाही.

मैत्रिणीला मागणीचं पत्र येतं, तर एमा नकार द्यायला लावते. का, तर मुलगा शेती करतो! दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट बरं का. आणि आपल्याकडे आज ओलिताची पंधरा एकर असलेले पोरगे पस्तिशीला आले, अन् पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पोरी रांगेनं. जाऊ द्या, यावर मी सुरू झाले तर सिनेमा राहून जाईल.

तर सिनेमात एक सहल आहे. बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर सगळे जमतात. तिथं मिस बेट्स येते. लग्न न झालेली, हात तंगलेली, म्हाताऱ्या आईला सांभाळणारी, आणि तोंडाची टकळी थांबतच नाही अशी. खेळ निघतो: प्रत्येकानं एक गोष्ट फार चतुर बोलावी, नाही तर तीन अगदी कंटाळवाण्या. बेट्सबाई हसून म्हणते, मग माझं सोपं आहे, मी तोंड उघडलं की तीन झाल्याच. एमा म्हणते, पण अडचण आहे, एका वेळी तीनच! एका वेळी तीनच. बस, एवढंच. आणि त्या बाईचा चेहरा उतरतो.

तो चेहरा मी आधी पाहिलेला होता.

नुकतीच मी रेडिओवर बोलायला लागले होते, जिभेला धार आली होती. कार्तिकात आमच्या शेतात आवळीभोजन होतं. तूर फुलावर, कपाशी फुटलेली, हरभरा नुकता पेरलेला. रोडगे गोवऱ्यांवर भाजायला टाकले होते. गोवऱ्यांवरच. हल्ली गॅसवर भाजतात, त्याला रोडगा म्हणू नये. बाया नाव घेत होत्या, उखाण्यांवर उखाणे. शेजारच्या काकू सकाळपासून बोलत होत्या: कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई रुसला. एक नवी सून, तिला काय माहीत, म्हणाली, "काकू, तुम्ही घ्या ना नाव!"

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मी म्हणाले, "काकूले नका सांगू वो! त्याइनं सुरुवात केली तं हरभरा घाट्यावर येईन."

काय हशा झाला! तूर हलली असेल. काकूही हसल्या. मग तुपाची वाटी घेऊन वाढायला उठल्या, आणि जेवणं होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

परतताना धुऱ्यावरून सासूबाई पुढे, मी मागे. न थांबता त्या म्हणाल्या, "काका जाऊन नऊ वर्सं झाले. नऊ वर्सात तिले आज पयल्यांदा कोनी नाव घे म्हनलं. अन् तू..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. काकू चुलीपुढे, दूध तापत होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुले बोलाचे पैसे भेटतात. मले तं कोनी फुकटात बी आयकत नाही."

मी म्हटलं, "काकू, घ्या ना नाव."

त्यांनी पदराला हात पुसले. सुरुवात केली. श्रोतेहो, दूध उतू गेलं, चूल विझली, तरी नाव संपलं नव्हतं. कोणतं घेतलं, ते रेडिओवर सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

एमालाही नाइटली नावाचा शेजारी सहलीनंतर खडसावतो, आणि कादंबरीत तीसुद्धा दुसऱ्या सकाळी बेट्सबाईच्या दारात जाते. सिनेमात बेट्सबाई झाली आहे मिरांडा हार्ट. दोन तासांचा खेळ, कपडे बघत राहावे असे, आणि हसू तर भरपूर. पोरांना मोबाइलवर लावून मागा. मध्ये चहा ठेवायला उठलात तरी चालेल, पण सहलीच्या वेळी नको. परत सांगते, सहलीच्या वेळी उठू नका.

काकू, ऐकत असाल तर उद्या येते. दूध आधी उतरवून ठेवा.