वॉकर, फुलर, टकर

(पडद्यावर: इंग्लंडमधल्या एका गावातल्या दुकानांच्या पाट्या.)

वॉकर. हे आडनाव ऐकलं की वाटतं, पूर्वज मोठे भटके असणार. प्रत्यक्षात तो माणूस दिवसभर एकाच हौदात उभा असायचा, गुडघाभर घाणीत.

मध्ययुगातल्या इंग्लंडचा पैसा लोकरीत होता. पण मागावरून उतरलेलं लोकरी कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसे. वीण विरळ, वर मेंढीच्या अंगचं तेल धाग्यांना तसंच चिकटलेलं. मग ते हौदात टाकायचं, त्यावर शिळी लघवी ओतायची आणि उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवायचं. लघवी शिळी झाली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेल कापतो. मातीही लागायची. ही माती आपल्या ओळखीची आहे: मुलतानी माती. तिला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात, म्हणजे कापड तुडवणाऱ्या फुलरची माती. सरे परगण्यात नटफिल्डला तिच्या मोठ्या खाणी होत्या. तुडवून तुडवून कापड आटायचं, धागे एकमेकांत रुतायचे, आणि मग कुठे ते थंडीवाऱ्याला दाद देईनासं व्हायचं.

(पडद्यावर: इंग्लंडचा नकाशा.)

धंदा एक, नावं मात्र मुलखागणिक वेगळी. आग्नेयेकडे फुलर. डेव्हन, सॉमरसेटकडे टकर. उत्तरेत वॉकर. जुन्या इंग्रजीत वॉकरच्या मूळ क्रियापदाचा अर्थ उलटंपालटं करणं, घुसळणं असा होता. चालण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. टकरच्या मुळाशी तर छळणं आहे. हौदातल्या कापडाचे हाल पाहिलेल्या माणसानेच हा शब्द निवडला असावा.

बाराव्या शतकापासून पाणचक्क्या आल्या. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे कापड कुटू लागले, पायांची सुटका झाली. तोवर नावं रुजली होती. चौदाव्या शतकात राजाने डोईपट्टी बसवली. त्या याद्यांत अशी धंद्यावरून पडलेली नावं भरपूर आहेत. पुढे मुलगा हौदाकडे फिरकला नाही तरी बापाचं नाव त्याच्यामागे चालत राहिलं.

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका विसाव्या शतकातही हे काम हातांनी करत होत्या. लांब फळीभोवती बसायचं, ओलं कापड ठेक्यात आपटायचं आणि गायचं. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचं, जात्यावरच्या ओव्यांसारखं. ती गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत, आणि त्यांतला आपटण्याचा ठोका कान देऊन ऐकावा असा आहे.

मुंबई हायकोर्टाच्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. ती १८७८ साली पूर्ण झाली, तोवर फुलर हे निव्वळ आडनाव उरलं होतं. एक्सेटरमध्ये मात्र विणकर आणि तुडवणाऱ्यांच्या संघाने १४७१ साली बांधलेली वास्तू अजून वापरात आहे. तिचं नाव टकर्स हॉल.