तोंडावरचं बोट

(दृश्य: वर्गाचं दार, बाहेर काढून ठेवलेल्या चपला. आतून मुलांचा गलका.)

दुपारचे पावणेतीन झालेत. खिचडी खाऊन तास उलटलाय, डोक्यावर पत्रे तापलेत, पंखा आहे पण लाइट गेलीये. आणि बाईंना आत्ता, याच वेळेला, भागाकार घ्यायचाय.

ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता, आणि तिसरीचं चालू असताना चौथीने काय करायचं हा रोजचा प्रश्न. आम्ही इथे दोन दिवस होतो. पहिल्या दिवशी कॅमेरा लावला फळ्यासमोर, बाईंकडे तोंड करून, सगळं कसं छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सहज तो उचलून मागच्या भिंतीला नेला आणि खाली सतरंजीवर ठेवला, मुलं बसतात त्या उंचीला.

मग तास खरा दिसला. पुढे तीन पोरं अर्धवट उठून "मी बाई, मी बाई" करतायत, आणि मागे एकजण सतरंजीचा दोरा उसवतोय, इतका मन लावून की विचारू नका. त्याच्या शेजारचीने खडूच्या चुऱ्याने स्वतःच्या गुडघ्यावर गणपती काढलाय. लक्ष नाही असं कसं म्हणायचं, लक्ष आहेच, फक्त भागाकारात नाहीये.

आपल्या सगळ्यांच्या शाळेत लक्ष देणं म्हणजे एकच, हाताची घडी, तोंडावर बोट. आता तोंडावर बोट ठेवलेलं पोरगं ऐकतंय की घरच्या शेळीचा विचार करतंय हे ओळखणार कसं? पण वर्ग शांत दिसला की बाहेरून जाणाऱ्याला बरं वाटतं. मग "समजलं का?" आणि सगळ्यांचा मिळून "होऽऽऽ". त्या होला काही अर्थ नसतो, ती चाल आहे, कविता म्हणतात तशी. मी स्वतः चौथीपर्यंत त्या चालीवरच पास झालोय.

बाई म्हणतात, "मी पण आधी तेच करायचे हो. 'कोण सांगेल?' विचारलं की तेच तीन हात. वर्षभर मी त्या तिघांनाच शिकवत होते."

आता त्या पाटी वापरतात. नवीन काही नाही, आपली साधी पाटी. प्रश्न सगळ्यांना, उत्तर सगळ्यांनी लिहायचं, आणि बाईंनी सांगताच सगळ्या पाट्या एकदम वर.

(दृश्य: चिंचोक्यांची पिशवी सतरंजीवर रिकामी होते.)

सतरा चिंचोके, पाच मुलं, प्रत्येकाला किती आणि उरले किती? प्रश्न विचारून बाई गप्प राहिल्या. एडिटिंगला बसल्यावर आम्ही ती गप्प जागा कापायलाच निघालो होतो, वाटलं आवाज गेलाय. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद! पण वर्गासमोर उभं राहून गप्प बसून बघा, जीव जातो.

पाट्या वर. बाईंनी एक पाटी आमच्याकडे वळवून दाखवली, तीवर लिहिलं होतं, "3 आणि 2 बाईंना."

तोपर्यंत चौथी कुठे होती? फरशीवर. फरशीवरच संख्यांची घरं रंगवलीयत, तळफळे म्हणतात त्यांना, पोरं त्यावर काड्यांचे गठ्ठे मांडून आपापसात भांडत गणितं सोडवतायत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) शाळांची अशी कामं बघायला एकेकाळी राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे. काहींनी परत येऊन नुसती फरशी रंगवली. असो.

तसंच टीव्हीचं. लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही इथेही आहे, पहिला आठवडा पोरं डोळे फाडून बघत होती म्हणे, मग त्याचंही तोंडावर बोट झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले म्हणून नाव झालं, आणि लगेच गावोगाव कोड चिकटवायची लाट आली. कोड स्कॅन केल्यावर पोराने पुढे काय करायचं हे ठरवणारा शिक्षक मात्र चिकटवता येत नाही.

आणि शिक्षकाच्या लक्षाचं काय? आमच्यासमोर चाळीस मिनिटांत बाईंचा फोन सहा वेळा वाजला. माहिती तातडीने भरा, फोटो अपलोड करा, लिंक बंद होणारे. शेजारच्या वर्गाचे गुरुजी मीटिंगला गेलेले, त्यामुळे अकरानंतर अर्धा तास चारही इयत्ता याच खोलीत होत्या. पोरांचं लक्ष नसतं म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा हा अर्धा तास घेऊन दाखवावा.

बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. मग शाळाच कुरणात नेली, नावही कुरणशाळा. पोरांना आळशी न ठरवता त्यांनी शाळा हलवली.

इथे बाईंनी तेवढं नाही पण एक केलं. दोरा उसवणाऱ्याला चिंचोके वाटायच्या कामाला लावलं. तो वाटत वाटत आमच्यापर्यंत आला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, इथून काय दिसणारे? पाट्यांची तोंडं तर तिकडं आहेत."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. तेवीस चिंचोके, चार मुलं. तो पळत जागेवर गेला.