खिम्याचे गोळे, टोमॅटोचा रस्सा : मेक्सिकोचं आल्बोंदिगास सूप

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी गोळ्यांची आमटी होते, त्यांना आजचा पदार्थ अर्धा येतोच असं समजा. उकळत्या आमटीत वाटल्या डाळीचे कच्चे गोळे सोडायचे. आधी एकच सोडून तो फुटतो का ते बघायचं आणि मग बाकीचे. मेक्सिकोतल्या घरांत हेच खिम्याच्या गोळ्यांचं करतात. त्याला म्हणतात ‘सोपा दे आल्बोंदिगास’. सोपा म्हणजे सूप आणि आल्बोंदिगास म्हणजे गोळे. हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे हेझलनट, आणि त्यावरून छोटी गोळी. अरबी सत्तेच्या काळात तो स्पेनमध्ये रुजला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर मेक्सिकोत पोचला. आपली ‘बंदूक’ही त्याच बुंदुकातून निघालेली आहे!

आता कागद-पेन्सिल घ्या. प्रमाण पाच जणांचं आहे.

मेक्सिकोत बहुधा गाय आणि डुक्कर यांचा खिमा निम्मा-निम्मा घेतात. आपण अर्धा किलो मटणाचा खिमा घेऊ. खाटकाला तो मशीनमधून दोनदा काढायला सांगा, आणि ‘चरबी अजिबात नको’ हे नेहमीचं वाक्य आज म्हणू नका. पाचवा हिस्सा चरबी हवी, नाहीतर गोळा शिजून कोरडा आणि भुसभुशीत होतो. चिकनचा खिमा चालतो, पण मांडीचा घ्या. छातीच्या मांसाचे गोळे चिवट होतात.

खिम्यात पाव वाटी कच्चा तांदूळ घालायचा आहे, साधारण ५० ग्रॅम. हो, कच्चाच. गोळा शिजताना मांस आकसतं आणि रस सोडतं. तो रस आतल्या आत तांदूळ पितो, त्यामुळे गोळा मऊ राहतो. भात घातला तर त्याला आणखी काही पिता येत नाही, आणि गोळा पिठूळ लागतो. मात्र तांदूळ कोरडा घालू नका. कडकडीत पाण्यात २० मिनिटं भिजवून पूर्ण निथळून घ्या. कोलमसारखा बारीक दाणा उत्तम. बासमती लांब होऊन गोळ्यातून बाहेर येतो आणि गोळ्याचं साळिंदर होतं.

याशिवाय एक अंडं, अगदी बारीक चिरलेला लहान कांदा, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, चिरलेली पुदिन्याची १२ पानं, अर्धा चमचा जिरेपूड, पाव चमचा मिरपूड आणि सपाट चमचाभर मीठ. पुदिना वगळू नका. मेक्सिकोत त्याला ‘येर्बाबुएना’ म्हणतात, आणि या सुपाची ओळख त्या वासात आहे. धने आणि गरम मसाल्याला मात्र आज सुट्टी.

मीठ घालून मळलं की खिमा चिकट होतो. गोळा धरून ठेवतो तो हा चिकटपणाच. तो यायला दोन मिनिटं मळणं पुरे. पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसलात तर गोळे रबरासारखे होतील. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग ओल्या हातांनी मोठ्या लिंबापेक्षा थोडे लहान गोळे वळा. एकेक साधारण ३० ग्रॅमचा, असे वीस-बावीस होतील. वरून भेग दिसली तर पुन्हा वळा, कारण गोळा भेगेतूनच फुटतो. काही घरांत प्रत्येक गोळ्याच्या पोटात उकडलेल्या अंड्याचा तुकडा घालतात. नर्गिसी कोफ्त्याची आठवण व्हावी असाच प्रकार.

आता रस्सा. अर्धा किलो पिकलेले लाल टोमॅटो, अर्धा कांदा आणि न सोललेल्या तीन लसूण पाकळ्या कोरड्या तव्यावर भाजा. मेक्सिकोतही तवाच असतो, त्याला ‘कोमाल’ म्हणतात. टोमॅटोची साल काळी पडून सुटायला हवी. लसूण लवकर काढा, करपली तर कडू होते. लसूण सोलून सगळं मिक्सरमधून काढा आणि गाळून घ्या.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि वाटण त्यात ओता. ते उडतं, झाकण हाताशी ठेवा. आठ-दहा मिनिटं परतायचं. रंग गडद झाला, कडेला तेल दिसू लागलं की झालं. घाई होते ती इथेच. कच्चं वाटण सरळ पाण्यात घातलं की सूप आंबट आणि पातळ लागतं, आणि मग लोक साखर घालतात. साखर नको, परतणं हवं.

आता तिखट. मूळ मिरची चिपोत्ले, म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. डबाबंद मिळाली तर एक मिरची वाटणात पुरे. तिच्या रसात व्हिनेगर असतं, तो चमचाभरच घाला. नसेल तर भिजवलेल्या दोन ब्याडगी मिरच्या वाटा. रंग येईल, धूर येणार नाही. धूर हवाच असेल तर शेवटी कोळशाची धुरी द्या, पण निखाऱ्यावर तूप सोडू नका. तुपाचा वास आला की सूप थेट मोगलाईत जातं. साधं तेल दोन थेंब पुरे.

परतलेल्या वाटणात पावणेदोन लिटर गरम पाणी घाला. हळद न घातलेलं मटणाचं अळणी असेल तर फारच छान. चमचाभर मीठ, कोथिंबिरीच्या दोन काड्या. उकळी फुटली की आच कमी करा आणि परीक्षेचा एक गोळा सोडा. तीन मिनिटं टिकला तर बाकीचे एकेक करून, कडेने, सोडा. फुटला तर मिश्रणात पाणी जास्त आहे. दोन चमचे ब्रेडचा चुरा मिसळा. रस्सा थंड असताना गोळे घालू नका. वरचा थर पटकन आवळला नाही की तांदूळ सुटून तळाशी जातो.

पहिली दहा मिनिटं डाव आत घालायचा नाही. हलवावंसं वाटलं तर पातेलं कडांना धरून हलवा. वर येणारा करडा फेस काढून टाका. रस्सा खळखळून उकळता कामा नये, मधूनच बुडबुडा यावा इतपतच आच. कुकरचा मोह टाळा; शिट्टीबरोबर आतलं सगळं ढवळून निघतं आणि गोळ्यांचा खिमा परत खिमा होतो.

पंधरा मिनिटांनी दोन गाजरांच्या आणि दोन बटाट्यांच्या फोडी घाला. बटाटा टोमॅटोच्या आंबटपणात उशिरा शिजतो, म्हणून फोडी गाजरापेक्षा लहान करा. शेवटच्या दहा मिनिटांत झुकिनी किंवा कोवळा दुधी. चौचौ मिळाला तर तो गाजराबरोबर घाला; मूळचा तो मेक्सिकोकडचाच. मटणाला एकूण ४० ते ४५ मिनिटं लागतात, चिकनला ३०. एक गोळा मधोमध कापून बघा. आत गुलाबी रंग नको आणि तांदळाला कणी नको. थर्मामीटर असेल तर मटणाच्या गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस हवं, चिकनला ७४.

गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. खोलगट वाडग्यात प्रत्येकी चार गोळे वाढा. वर कोथिंबीर, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबू. तिकडचं लिंबू आपल्या कागदी लिंबासारखंच लहान आणि पातळ सालीचं असतं, त्यामुळे इथे पर्याय शोधायला नको. सोबत मक्याचे तोर्तिया असतात. ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे, म्हणून त्यांचा वास वेगळा. पण गरम मक्याची भाकरीही या रश्श्याला शोभते.

उरलं तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. रात्रीत गोळे रस्सा पितात आणि सकाळी सूप रस्साभाजीसारखं दाट दिसतं. वाटीभर उकळतं पाणी घाला, मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा, आणि मीठ पुन्हा चाखून मगच वाढा.

नमस्कार.