क्लोरीनचा वास आणि हिरवं पाणी

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, उन्हाळा सगळीकडे सारखाच. कुणी मळ्यातल्या विहिरीत मुटके मारतंय, कुणी पहाटे तलावात फेऱ्या मारतंय. पोहणं चांगलंच. पण रोज पोहणाऱ्यांना डोळे, कान, खांदे त्रास देतात, आणि त्यातला बराच त्रास पाण्यामुळं होतो. म्हणून आधी पाण्याची गोष्ट ऐका.

ऑगस्ट 2016. रिओ ऑलिंपिक. सूर मारण्याचा तलाव सोमवारी निळाशार होता, मंगळवारी हिरवागार! शेजारच्या तलावातही हिरवट छटा आली, तिथं वॉटर पोलोच्या खेळाडूंचे डोळे चुरचुरू लागले. आयोजक कारणं देत राहिले. शेवटी कळलं, पाण्यात चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. तेही जंतुनाशक, क्लोरीनही जंतुनाशक. पण एकत्र आले की पेरॉक्साइड क्लोरीन निकामी करतं. मग शेवाळाला रान मोकळं! आणि गंमत म्हणजे क्लोरीन मोजणारी यंत्रंही फसली. सूर मारणाऱ्यांनी त्याच हिरव्या पाण्यात उड्या घेतल्या. पण तालबद्ध जलतरणाच्या मुलींना पाण्याखाली एकमेकी दिसायला हव्यात. मग त्यांची स्पर्धा होती त्या शेजारच्या तलावातलं पाणी उपसून, सरावाच्या तलावातलं सुमारे 37 लाख लिटर पाणी त्यात भरलं, तेही रातोरात. दहा हजार लिटरचे 370 टँकर, मंडळी! आपल्याकडं मे महिन्यात एका टँकरसाठी गल्लीभर घागरींची रांग लागते.

तर पाणी दिसतं तसं नसतं. तलावावर पाऊल टाकताच उग्र वास आला की लोक म्हणतात, वा, भरपूर क्लोरीन घातलंय. उलट आहे. पुन्हा सांगतो, उलट आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की क्लोरामाइन होतं. तो वास त्याचा. डोळे लाल होतात, खोकला येतो तो त्यानंच, आणि दम्याच्या माणसाला जास्त. तलावावरच्या माणसाला विचारा, मोकळं क्लोरीन, म्हणजे घाणीशी अजून न जुळलेलं, 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) आहे का? पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 आहे का? आणि आपण स्वतः उतरण्याआधी एक मिनिट अंग धुवा. विहिरीत घाण करायची कुणाची छाती नव्हती, कारण काठावर म्हातारा काठी घेऊन बसलेला असायचा. टाइल्सच्या तलावावर शिट्टीवाला असतो, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये.

आता कान. पाणी आत राहिलं की कानाची नळी फुगते, मग तिथं जंतू धरतात. मान एका बाजूला कलवा, पाळी इकडंतिकडं ओढा, पाणी गळू द्या, टॉवेलनं टिपा. काडी घालू नका, गरम तेल तर नकोच. कानाच्या तोंडाशी असलेला मऊ उंचवटा दाबून कळ आली तर डॉक्टर गाठा.

खांद्याचं थोडक्यात. हात पाण्यात अंगठ्याकडून खुपसू नका, बोटांची टोकं आधी जाऊ द्यात. खांदा दुखत असेल तर फेऱ्या कमी करा.

आणि विहीरवाल्यांनो, पाणी आटून कोमट, गढूळ झालं असेल तर मुटका नको. अशा पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. दुर्मीळ, पण बहुतेक वेळा जीवघेणा. पाणी प्यायल्यानं हा आजार होत नाही, नाकात गेल्यानं होतो. उतरायचंच असेल तर नाकाला चिमटा लावा, डोकं वर ठेवा, तळाचा गाळ ढवळू नका.